स्कॉटलंडचं वेळापत्रक: आखणीच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

जायचं स्कॉटलंडला, एवढं ठरलं. चौघं जण: आई, बाबा (म्हणजे माझे सासू-सासरे), नवरा आणि मी. बाबा बडोद्याच्या प्रतापनगरहून रिटायर झालेले रेल्वेवाले. ग्लासगोहून फोर्ट विल्यममार्गे मॅलेगला जाणाऱ्या लायनीचं नाव कित्येक वर्षं त्यांच्या तोंडी आहे, त्यामुळे रेल्वे वगळता येत नाही. आईंना गुडघ्यांमुळे बसची वाट बघत उभं राहणं जमत नाही आणि स्काय बेटावर रेल्वे नाहीच, त्यामुळे भाड्याची गाडीही वगळता येत नाही. दोन्ही एकाच प्रवासात बसवायचंय. पुढेमागे कुणाला असाच घाट घालायचा असेल तर कामी यावं म्हणून लिहून ठेवतेय.

तारखा पंचांगानंच ठरवल्या. गणपती २७ ऑगस्टला, विसर्जन ६ सप्टेंबरला. आजेसासऱ्यांची तिथी प्रतिपदेची, ती ८ सप्टेंबरला. नवरात्र २२ ला, आणि घट बसवायला आई घरी हव्यातच. बडोद्यातल्या मराठी घरात गणपतीही आपला आणि गरबाही आपला, त्यामुळे मधे एवढीच फट उरते. निघणं ९ ला, घरी परत २१ ला. योगायोगानं काळ बरा आहे: तिकडे शाळा ऑगस्टमध्येच सुरू होतात, उन्हाळ्यात जीव नकोसा करणारी मिज नावाची बारीक चिलटं ओसरू लागतात आणि सप्टेंबरच्या मध्यावर संध्याकाळी साडेसातपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात तिथे पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा हिवाळ्याचा विचारसुद्धा नको.

धाकट्या दिरांनी इंदूरहून यादी पाठवलीय: लंडन, लेक डिस्ट्रिक्ट, एडिनबरा, ग्लासगो, ऑर्कनी बेटं, उत्तर किनाऱ्याचा एनसी-५०० रस्ता, स्काय. खाली अंगठा वर केलेली खूण. त्यांना कुठे आई-बाबांना घेऊन फिरायचंय.

१९ जानेवारी

यादीला कात्री. एनसी-५०० म्हणजे इन्व्हरनेसपासून निघून परत तिथेच येणारा ५१६ मैलांचा, सुमारे ८३० किलोमीटरचा फेरा. पश्चिमेकडचा बराच भाग एकपदरी रस्त्यांचा. तो घेतला तर दुसरं काहीच घेता येत नाही. ऑर्कनीला जायचं तर समुद्र ओलांडायचा आणि दोन दिवस वेगळे काढायचे. लंडन वेगळ्या प्रवासाचा ऐवज. तिन्ही खोडले. लेक डिस्ट्रिक्टसाठी कुणी भांडलं नाही.

उरलं ते: एडिनबरा, इन्व्हरनेस, स्काय, फोर्ट विल्यम. नवऱ्याला हे फारच कमी वाटतंय. मला अजूनही जास्त वाटतंय.

२ फेब्रुवारी

पहिला आराखडा कागदावर फार सुरेख होता. ग्लासगोहून रेल्वेनं थेट मॅलेग (सव्वापाच तासांच्या आसपास), तिथून फेरीबोटीनं स्कायवरच्या आर्माडेलला, उतरल्यावर गाडी घ्यायची, बेट फिरायचं, मुख्य भूमीला जोडणारा पूल ओलांडून इन्व्हरनेसला गाडी सोडायची. कुठेच मागे फिरणं नाही.

दोन ठिकाणी मोडला. आर्माडेलच्या धक्क्यावर गाडी भाड्यानं देणारं कुणी सापडेना. बेटावर आहेत ते थोडे आणि छोटे, ऑटोमॅटिक गाडी त्यांच्याकडे मिळेलच असं नाही. शिवाय एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडायची म्हटलं की वेगळा आकार लागतो. एका ठिकाणी तो गाडीच्या दोन दिवसांच्या भाड्याएवढा निघाला.

दुसरा आराखडा: एडिनबराहून इन्व्हरनेसला रेल्वे, तिथे गाडी, स्काय, मग फोर्ट विल्यमला गाडी सोडायची आणि रेल्वेनं ग्लासगो. ह्यात बाबांची लायन अर्धी येते, पण गाडी सोडण्याचं दुखणं तसंच.

तिसरा, जो टिकेल असं दिसतंय: गाडी इन्व्हरनेसलाच घ्यायची, तिथेच सोडायची. इन्व्हरनेस, स्काय, फोर्ट विल्यम, लॉक नेस सरोवराच्या काठानं परत इन्व्हरनेस. फोर्ट विल्यममध्ये दोन रात्री. मधल्या दिवशी गाडी उभी करून रेल्वेनं मॅलेगला जाऊन यायचं. लायनीचा ग्लासगोकडचा भाग ह्यात सुटतो. म्हणजे रॅनॉक मूरची दलदल सुटते, जिथे पाया लागेना म्हणून झुडपांच्या आणि फांद्यांच्या थरांवर रूळ टाकले, आणि कोरूरचं दूर माळावरचं एकटं स्टेशनही सुटतं. बाबा गप्प झाले. मग म्हणाले, ‘ग्लेनफिनन आहे ना? मग चालेल.’ ग्लेनफिनन म्हणजे मॅलेगच्या वाटेवरचा कमानींचा वळणदार रेल्वेपूल.

९ फेब्रुवारी

आज बाबांनी माझी एक्सेल शीट मागून घेतली आणि चष्मा लावून बसले. मी सगळा मोकळा वेळ शेवटी ठेवला होता: एडिनबरात परत आल्यावर दीड दिवस नुसता. त्यांनी त्यावर रेघ मारली. ‘सगळा मार्जिन टर्मिनसला कशाला? गाडी मधेच लेट झाली तर तो मार्जिन काय कामाचा?’

रेल्वेच्या वेळापत्रकात रिकव्हरी टाइम असतो तो नेमक्या जागी घातलेला असतो: महत्त्वाच्या स्टेशनाच्या जरा आधी, म्हणजे मागे झालेला उशीर तिथे भरून निघतो. त्याच पद्धतीनं त्यांनी शीट पुन्हा मांडायला लावली. आधी ज्या गोष्टी आपल्यासाठी थांबत नाहीत त्या लाल रंगात: गाडीच्या काउंटरची बंद व्हायची वेळ, रेल्वे, फेरीबोट, विमान, सूर्यास्त. मग प्रत्येक लाल ओळीच्या लगेच आधी मोकळा वेळ. राहिलेल्या जागेत बघायची ठिकाणं.

ह्यातून लगेच एक गोष्ट वर आली. इन्व्हरनेस गावातलं गाडीचं काउंटर शनिवारी दुपारी बारालाच बंद होतं आणि रविवारी उघडतच नाही. माझ्या शीटमध्ये आम्ही शनिवारी सकाळी एडिनबराहून निघत होतो. तो प्रवास साडेतीन तासांचा. गाडी वेळेवर पोचली असती तरी काउंटरवर कुलूप. विमानतळावरचं काउंटर उशिरापर्यंत असतं, पण तो गावाबाहेर तेरा-चौदा किलोमीटरवर, बॅगा घेऊन वेगळी टॅक्सी करून जायचं. त्यापेक्षा शुक्रवारी १२ तारखेलाच इन्व्हरनेसला मुक्काम. एडिनबराची एक रात्र गेली, ती परतीच्या वेळी १९ तारखेला भरून घेतली.

२ मार्च

गाडीनं केवडियाला जाऊन चाचणी. मॅपचं अ‍ॅप सांगतं त्या वेळेत आमचं बिऱ्हाड कुठेच पोचत नाही हे माहीत होतं. किती पोचत नाही ते मोजायचं होतं. दांडिया बाजारातून सकाळी निघालो, मागच्या सीटवर आई-बाबा, माझ्या मांडीवर वही. अंतर नव्वदेक किलोमीटर, अ‍ॅपचा अंदाज पावणेदोन तासांचा. लागले तीन.

कुठे गेले ते लिहून घेतलं. बाबांची रक्तदाबाची गोळी लघवीची असल्यामुळे सव्वा तासानं थांबावंच लागतं. प्रत्येक थांबा ‘पाच मिनिटांचा’ म्हणून सुरू होतो आणि वीसला संपतो, कारण आईंना उतरायला, पाय मोकळे करायला आणि परत बसायला वेळ लागतो. चहा वेगळा. आणि डभोईला बाबांना स्टेशन दाखवायचं होतं: इथून मियागामपर्यंत १८६२ साली अडीच फुटी रुळांवर बैलांनी डबे ओढले, हे आम्ही पूर्वीही ऐकलेलं आहे, पुन्हा ऐकलं.

ह्यावरून नियम केले. अ‍ॅपची वेळ दीडपट धरायची आणि वर थांबे वेगळे. अ‍ॅपच्या हिशेबानं दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त गाडी नाही. दिवसात एकच मोठं ठिकाण. दुसरं असलं तर ते रस्त्याच्या कडेला, गाडीतून उतरून चार पावलांवर दिसणारं. सलग दोन दिवस सामान बांधायचं नाही. हा शेवटचा नियम १२ आणि १३ सप्टेंबरला काउंटरमुळे मोडतोय आणि परतीच्या वाटेवरही मोडतोय, पण इलाज नाही.

२३ मार्च

राहायच्या जागा. स्कायवर पोर्ट्री हे मुख्य गाव, तिथे मुक्काम धरला होता. आमच्या तारखांना तळमजल्यावर दोन खोल्या कुठेच शिल्लक नाहीत. सहा महिने आधी! जुन्या घरांतल्या बी-अँड-बीचे (राहणं आणि नाश्ता देणाऱ्या घरगुती जागांचे) जिने फोटोत बघितले. आपल्या वाड्यातले बरे. आई म्हणाल्या, ‘मी खालीच सोफ्यावर झोपेन.’ नको.

तेव्हा मुक्काम ब्रॉडफर्डला हलवला. पोर्ट्रीच्या अलीकडे २६ मैल, पुलाच्या जवळ. तळमजल्याचं छोटं घर मिळालं, स्वयंपाकघर सकट. उत्तरेकडच्या ट्रॉटर्निश भागात जायला रोज पाऊण तास जास्त, पण शनिवारी येताना आणि मंगळवारी फेरीबोटीला जाताना तेवढाच वेळ वाचतो. लाल ओळीच्या जवळ झोपायचं, असं बाबांचं म्हणणं.

स्कायवरचा रविवार हा वेगळा विषय आहे. बेटावर चर्चचा रविवार पाळण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे काही दुकानं आणि खानावळी बंद मिळतात. शनिवारी ब्रॉडफर्डला पोचलो की आधी दूध, ब्रेड, भाजी आणि पेट्रोल, मग घर.

एडिनबराला दोन्ही खेपांना एकच हॉटेल घेतलं. दहा-वीस पाउंड जास्त पडले, पण त्याचा फायदा पुढच्या नोंदीत आहे.

२० एप्रिल

गाडी. ब्रिटनमध्ये डावीकडूनच चालवायची, हा मोठा दिलासा. भारतीय लायसन्सवर तिथे गेल्यापासून १२ महिने चालवता येते. तरी काउंटरवाल्यांच्या अटी वेगवेगळ्या असतात, म्हणून आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवानाही काढायचा. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. नवरा आणि मी दोघंही चालवणार, त्यामुळे दोघांचे. दुसऱ्या ड्रायव्हरचे रोजचे वेगळे पैसे लागतात, ते देणार. एकट्यानं चालवलं की तिसऱ्या दिवशी भांडण, हा अनुभव कोकणातला आहे.

ऑटोमॅटिक मागितली नाही तर हाती मॅन्युअल पडते. क्रेडिट कार्ड ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं, डेबिट कार्डावर बऱ्याच ठिकाणी अडतं. आणि विमा ‘समाविष्ट’ लिहिलेला असला तरी गाडीला ओरखडा पडला तर पहिले हजारभर पाउंड आपलेच जातात. त्याचा वेगळा विमा बाहेरून घेतला, काउंटरवर विकतात त्याच्या निम्म्यात पडला.

आता डिकी. वेबसाइटवर चार माणसं आणि तीन बॅगांचं चित्र होतं. बॅगा केवढ्या हे चित्रावरून कुणाला कळतं? मी डिकीच्या जमिनीची मापं शोधली आणि पार्किंगमध्ये खडूनं चौकोन आखला: साधारण मीटरभर रुंद, पाऊण मीटर खोल. दोन्ही बाजूंना चाकांच्या कमानींचे फुगवटे येतात, तेही आखले. मग माळ्यावरच्या बॅगा खाली आणल्या. आमची मोठी लाल बॅग आडवी टाकली तर अर्धा चौकोन तिनंच खाल्ला. आईंची बॅग उभी, बाबांची तिच्या अंगाला, आणि नवऱ्याची काही केल्या रेघेच्या आत येईना. वॉचमन काका आधी लांबून बघत होते, मग त्यांनीच लाल बॅग फिरवून दाखवली. तरी एक चाक रेघेबाहेर.

मोठी स्टेशन वॅगन घेतली तर बसतं, पण भाडं दीडपट आणि एकपदरी रस्त्यावर तेवढं लांब धूड कोण सांभाळणार. त्यापेक्षा दोन मोठ्या बॅगा एडिनबराच्या हॉटेलात ठेवून द्यायच्या, परत तिथेच यायचंय. गाडीत चार लहान बॅगा. पुन्हा मांडून बघितल्या: बसल्या, वर आईंच्या काठीला आणि थेपल्यांच्या पिशवीला जागा.

२१ जून

१२ तारखेच्या अहमदाबादच्या विमान अपघातानंतर घरात आठवडाभर कुणी ह्या प्रवासाचा विषय काढला नाही. आईंनी तर ‘तुम्ही तिघं जा’ म्हणून झालं. मग त्यांनीच एका सकाळी विचारलं, फॉर्म भरलेस का?

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त तीन महिने करता येतो, त्यामुळे जूनच्या आत काही करता येत नव्हतंच. साध्या पाहुण्याच्या व्हिसाची फी एप्रिल २०२५ मध्ये १२७ पाउंड झाली. चौघांचे ५०८, रुपयांत एकोणसाठ हजारांच्या घरात. बोटांचे ठसे द्यायला काल अहमदाबादला जाऊन आलो. सकाळची वेळ घेतली होती, एक्स्प्रेसवेनं जाऊनही अख्खा दिवस गेला. बाबांच्या पेन्शनच्या पासबुकावर शिक्का राहिला होता, तो आधी आठवडाभर बँकेत खेटे घालून मिळवला. निकालाला तीन आठवडे धरायचे.

व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं एकही तिकीट काढायचं नाही, असं ठरवलं होतं. राहायच्या जागा सगळ्या रद्द करता येण्याजोग्या आहेत. विमानाचं तिकीट तेवढं आधी काढावं लागलं, तारीख बदलता येईल असं.

१३ जुलै

व्हिसा आले. आता रेल्वे.

सवलतीच्या कार्डांत बराच वेळ गेला, पण पैसे वाचले. साठीच्या वरच्यांचं सिनियर रेलकार्ड ३५ पाउंडांचं, आणि ते माणशी एक. म्हणजे आई-बाबांचे सत्तर. पण ‘टू टुगेदर’ नावाचं कार्ड आहे, ते दोन माणसांत मिळून ३५ चं, एक तृतीयांश सूट तीच. अट इतकीच की दोघांनी बरोबर प्रवास करायचा आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आत नाही. साडेनऊच्या आत आमचं कोण आवरणार? तेव्हा आई-बाबांचं एक, आमचं एक. जोडीची तिकिटं १०५ पाउंडांच्या वर गेली की कार्ड वसूल. एडिनबरा–इन्व्हरनेस जाऊन-येऊन आणि मॅलेग धरून ती जातात.

मॅलेगला जॅकोबाइट नावाची वाफेच्या इंजिनाची पर्यटकांची गाडीही जाते. मला वाटलं बाबा तीच मागतील. तिकीट नेहमीच्या गाडीच्या कितीतरी पट, रूळ तेच, पूल तोच. बाबा म्हणाले, ‘इंजिन बघायचं असतं बाहेरून. आत बसून धूर खायचा.’ तेव्हा ती मंगळवारी ग्लेनफिननच्या टेकडीवरून बघायची आणि बुधवारी साध्या गाडीनं जायचं.

ह्या लायनीवर बसायची जागा महत्त्वाची. फोर्ट विल्यमहून मॅलेगला जाताना डावीकडे बसायचं: ग्लेनफिननच्या पुलाचं वळण आणि लॉक शिएल सरोवर त्या बाजूला. ग्लासगोहून थेट येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, फोर्ट विल्यमला गाडी उलट्या तोंडानं निघते, त्यामुळे आधीची डावी बाजू उजवी होते. आणि क्रिअनलॅरिकला गाडीचे दोन भाग होतात, एक ओबानला जातो. चुकीच्या डब्यात बसलेला माणूस वेगळ्याच समुद्रावर पोचतो.

फेरीबोटीत गाडीसाठी जागा आगाऊ घेतली, आर्माडेल ते मॅलेग, मंगळवार १६ ची. वाऱ्यामुळे फेऱ्या रद्द होऊ शकतात. म्हणून शीटमध्ये त्या ओळीखाली दुसरी ओळ लिहून ठेवली: पूल, ग्लेन शील, इन्व्हरगॅरी, फोर्ट विल्यम, सुमारे ८० मैल. दोन्ही रस्ते त्याच रात्री त्याच घरी पोचतात, त्यामुळे बोट गेली तरी पुढचं काही ढासळत नाही.

१५ ऑगस्ट

स्कॉटरेल ही तिथली रेल्वे कंपनी १ सप्टेंबरपासून गर्दीच्या वेळेचं जादा भाडं काढून टाकतेय. आमच्या गाड्या उशिराच्याच असल्यामुळे फरक नाही, पण पुढे जाणाऱ्यांना सकाळची गाडी आता महाग पडणार नाही.

खाण्याचं: दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. पेढे बाद, आईंचा खव्याचा डबा बाद. थेपले, लीला चिवडा, भाजलेली मुगाची डाळ आणि मेतकूट चालेल. कुकरवरून वाद झाला. कुकर हरला, तो बसला असता तर काठी बाहेर राहिली असती.

चालवण्याचा सराव सर्कलवर केला. तिकडे सर्कलमध्ये उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. गेंडा सर्कलवर मी तसं थांबून बघितलं. मागच्या रिक्षावाल्यानं जे ऐकवलं ते नोंदवण्यासारखं नाही.

१२ सप्टेंबर, इन्व्हरनेस

एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनावरून निघालो. ड्रिमॉक्टरच्या खिंडीत ४५२ मीटरवर ब्रिटनच्या मुख्य लायनींवरचा सगळ्यात उंच बिंदू लागतो. बाबा त्याच्या अर्धा तास आधीपासून खिडकीला नाक लावून होते. सामानाची फळी दाराशी असते आणि लवकर भरते. चार लहान बॅगा आमच्या सीटांच्या मधे सरकल्या. मोठ्या दोन बरोबर असत्या तर दारात उभ्या राहिल्या असत्या.

१३ सप्टेंबर, ब्रॉडफर्ड

काउंटरवर सव्वानऊला हजर, चावी हातात यायला सव्वादहा. आधीच्या माणसाचं कार्ड चालेना, आमच्या गाडीच्या दारावर ओरखडा निघाला, त्याचे फोटो, मग सही. हा तास शीटमध्ये होता. बाबांनी माझ्याकडे बघितलं नुसतं.

वाटेत आयलिन डोनन किल्ला. आईंना पूल ओलांडून दारापर्यंत जाता आलं, आतले जिने सोडले. साडेतीनला ब्रॉडफर्ड, दूध, पेट्रोल. हिरव्या मुठीचा पाइप पेट्रोलचा, काळ्या मुठीचा डिझेलचा. टाकीच्या झाकणावर वाचूनच भरावं.

१४-१५ सप्टेंबर

ट्रॉटर्निश. उत्तरेचं टोक शीटमधूनच कापलं होतं: पोर्ट्री, स्टॉरचा सुळका रस्त्यावरूनच, किल्ट रॉक, तिथून क्विरेंगच्या घाटानं उइग आणि परत. किल्ट रॉक आईंसाठी उत्तम. गाडीतून उतरलं की कठड्याशीच धबधबा थेट समुद्रात पडताना दिसतो.

क्विरेंगचा रस्ता एकपदरी. ठरावीक अंतरावर बाजूला फुगवटा काढलेला असतो, ‘पासिंग प्लेस’ असा फलक. तो आपल्या डाव्या हाताला असेल तर त्यात शिरून थांबायचं. उजव्या हाताला असेल तर त्याच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं, समोरचा त्यात वळून जातो. आपण उजवीकडे शिरायचं नाही. मागून कुणी चिकटलं असेल तरी त्याला तिथे पुढे जाऊ द्यायचं. आणि फोटो काढायला तिथे गाडी उभी करायची नाही, सगळे वैतागतात. पहिल्या दोन-तीन वेळा मी गोंधळले, मग मागून बाबांचा आवाज: ‘सिंगल लायन आहे ग. पुढचं लूप बघ, तिथे क्रॉसिंग घे.’ त्यानंतर एकदाही मागे घ्यावी लागली नाही. समोरचा हात वर करतो, आपणही करायचा.

अ‍ॅपची वेळ दीडपट धरली होती, इथे जवळजवळ दुप्पट लागली. संध्याकाळी भाताची पेज आणि मेतकूट, आठला सगळे आडवे. सोमवारी डनव्हेगनचा किल्ला होता शीटमध्ये. आईंनी घरीच राहायचं म्हटलं, मग कुणीच गेलं नाही. समुद्राकाठच्या बाकावर बसून चिवडा संपवला.

१७ सप्टेंबर, फोर्ट विल्यम

काल बोट मिळाली. ग्लेनफिननचं पार्किंग भरलेलं; दुसऱ्या फेरीत जागा सापडली, तो अर्धा तास बोटीनंतरच्या मार्जिनमधून गेला. वाफेचं इंजिन पुलावर आलं तेव्हा बाबांनी फोन काढलाच नाही, माझ्यावर सोपवलं.

आज साधी गाडी. डावीकडच्या चार जागा. पूल काँक्रीटचा, २१ कमानी, आत लोखंडी सळया नाहीत. मॅलेगपर्यंतचा हा टप्पा १९०१ साली सुरू झाला. वळणावर आपलीच गाडी पुढे वाकलेली दिसते. बाबा उभे राहिले, आईंनी त्यांचा शर्ट मागून धरून ठेवला. मॅलेगला उतरून परतीच्या गाडीपर्यंत दोन तास होते, पैकी पाऊण तास बाबा प्लॅटफॉर्मवर एका गार्डाशी टोकन आणि सिग्नलबद्दल बोलत होते. त्यांची इंग्रजी आणि त्याची इंग्रजी, मधे दुभाषा नाही.

१८ सप्टेंबर, इन्व्हरनेस

फोर्ट विल्यमजवळ बनाव्हीला कॅलेडोनियन कालव्यावर बोटी वर-खाली करणाऱ्या, दारं लावलेल्या आठ टाक्या एकापाठोपाठ आहेत, तिथे थोडं थांबलो. अर्कहार्ट किल्ला वरच्या रस्त्यावरून बघितला. ६६ मैलांना तीन तास ठेवले होते, अडीच लागले. टाकी भरल्याची पावती दाखवून गाडी चारला परत दिली. ओरखडा तोच होता, फोटो कामी आले.

शीटमधले बदल, दिरांना आत्ताच पाठवले. ते मे महिन्यात निघणार आहेत. स्कायवर अ‍ॅपची वेळ दुप्पट धरणे. डनव्हेगन ठेवायचा तर ब्रॉडफर्डला चौथी रात्र, नाहीतर सोडणे. इन्व्हरनेसचं काउंटर शनिवारी टाळता आलं तर टाळणे. मेच्या मध्यावर रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, तेव्हा वेळा ह्या शीटवरून घ्यायच्या नाहीत, नवीन बघून घालायच्या. उजेड रात्री साडेनऊपर्यंत मिळेल, पण तेवढ्यावर आणखी ठिकाणं घुसवायची नाहीत. त्यांचं उत्तर आलं, ऑर्कनी बसेल का?

बाबांनी फोन मागून घेतलाय. टाइप करताहेत.